श्रावणातलं भरीत

नाना गेल्याचा निरोप कार्यालयात आला तेव्हा मी हातातला चहा बशीत ओतत होते. शिपाई दारातच उभा राहिला, म्हणाला, "बाई, नाना गेले. सकाळी पूजेला बसले होते, तिथंच." मी चहा तसाच ठेवला आणि वायरलेसच्या टेबलाशी जाऊन बसले. नद्यांच्या सकाळच्या पातळ्या घ्यायची वेळ झाली होती. नद्यांवरची आमची सगळी केंद्रं एकाच लहरीवर असतात, एकानं बोललेलं बाकीचे ऐकतात, म्हणून एकदाच सांगितलं की सगळ्यांना कळतं. पण मला ते एकदाच सांगणं काही जमेना. आधी सगळ्यांकडून पाण्याचे आकडे घेतले, पावसाचे घेतले, आणि मग सांगितलं. नुसती खरखर येत राहिली...

नाना म्हणजे आमच्या धुळ्याच्या नियंत्रण कक्षाचे पर्यवेक्षक. निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती, पण देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडून आठवड्यातून एकदा यायचेच. मी या कक्षात लागले ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, तिथली एकुलती एक बाई. आमचं काम सोपं, म्हणजे सांगायला सोपं. तापीला आणि तिच्या उपनद्यांना पूर येतोय का, हे खालच्या गावांना वेळेत कळवायचं. त्यासाठी सातपुड्याच्या पायथ्यापासून नदीकाठी जागोजाग एकेक खोली बांधलेली. खोलीत एक माणूस, एक वायरलेस संच, एक बॅटरी आणि एक स्टोव्ह. बाहेर पात्रात उभी केलेली मोजपट्टी. कागदावर प्रत्येक केंद्रावर दोघं असायचे, प्रत्यक्षात दुसरी जागा रिकामी. गाव लांब, बस दिवसातून एकदा, आणि पावसाळ्यात तीही आली तर आली. चार महिने त्या माणसानं नदीकडे बघायचं आणि आम्ही त्याच्याकडे बघायचं नाही, असा तो कारभार होता.

नाना बघायचे. पाण्याचा आकडा घेतला, पावसाचा घेतला, की ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे. "बरं, आज काय भाजी? ओव्हर." मी पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा काहीतरी खात्याचा सांकेतिक शब्द असेल. मी वहीत लिहूनही घेतलं. मग पलीकडून उत्तर आलं, "गिलक्यांची, नाना. ओव्हर." तेव्हा कळलं की भाजी म्हणजे भाजीच.

मी मुळात चौकस बाई. माझी आई म्हणायची, हिला दुसऱ्याच्या घरातलं मीठसुद्धा मोजायचं असतं. मला राहवेना. मी नानांना विचारलं, "रोज रोज भाजी कशाला विचारता हो? सासूबाईंसारखं?" ते म्हणाले, "आपल्याला कल्पना मिळते, घरी काय करायला सांगावं." दुसऱ्या वेळी विचारलं तर म्हणाले, "संच नीट चालतोय का ते तपासतो." तिसऱ्या वेळी म्हणाले, "बाई, तुमचं लग्न झालंय ना? मग तुम्हाला कळायला हवं." प्रत्येक वेळी वेगळं उत्तर, आणि प्रत्येक वेळी चेहरा असा की पुढं विचारायची सोय नाही. मग मी ऐकायला लागले. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की कुणी लागोपाठ खिचडी सांगितली की नाना पुढच्या दिवशी त्याच्याशी जरा जास्त बोलतात. "काही नाही, चहा-बिस्किटं" असं कुणी म्हणालं की त्या आठवड्यात जीप त्याच बाजूला जाते. जीपमध्ये बॅटरी असायची, ती खात्याची. त्याशिवाय कांदे, रॉकेलचा डबा, तापाच्या गोळ्या, कुणाच्या बायकोनं दिलेलं लोणचं, असलं सगळं नानांचं. एकटा माणूस आधी स्वयंपाक सोडतो, मग अंघोळ सोडतो, आणि मग बाजेवर पडल्या पडल्या अंदाजानं पाण्याची पातळी सांगायला लागतो. हे मला नानांनी कधी सांगितलं नाही, माझं मीच लावलं. बरोबर लावलं की चूक, देव जाणे.

त्यातून माझ्यामागे एक काम लागलं. या सगळ्या पुरुषांना स्वयंपाक येतच नव्हता. घरी असताना ताटावर बसायची सवय, आणि इथं स्टोव्ह पेटवायचा म्हटलं तरी पंचाईत. एकदा एकानं विचारलं, "नाना, डाळ शिजतच नाही, ओव्हर," तर नानांनी सरळ माईक माझ्या हातात दिला. मग काय, पाऊस थांबलेला असेल त्या दिवशी आकडे झाले की मी शिकवायची. "आधी तेल तापू द्या. मोहरी तडतडली की मग हिंग. ओव्हर." पलीकडून, "तडतडली, बाई. ओव्हर." "आता लसूण घाला. ओव्हर." "लसूण तर आधीच घातला ना, बाई..." सगळी लहर हसायची. तापीपासून अनेरपर्यंत एका वेळी किती फोडण्या करपल्या असतील, त्याचा हिशेब नाही. शेवेची भाजी मात्र सगळ्यांना जमली. ती खान्देशी माणसाला रक्तातूनच येत असावी.

मग आमच्याकडे नवे साहेब आले. तरुण, हुशार, पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी पहिल्याच आठवड्यात कक्षात उभं राहून सकाळचे आकडे ऐकले आणि दोडके, कारली, आंबट चुका असं सगळं ऐकून त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी नानांना बोलावून सांगितलं की ही लहर सरकारची आहे, तिच्यावर भाजीबाजार चालणार नाही, आणि पर्यवेक्षकानं पावसाळ्यात विनापरवानगी कक्ष सोडायचा नाही, सोडला तर निलंबन. नाना "बरं साहेब" म्हणाले. बाहेर येऊन मला म्हणाले, "साहेबांचंही खरंच आहे." मला इतका राग आला. म्हटलं, तुम्ही भांडत का नाही? तर म्हणतात, "भांडून काय होतं, बाई. त्यांना पूर दिसतोय. त्यांचं चुकलं कुठं?" पण प्रश्न त्यांनी सोडला नाही. साहेब दौऱ्यावर असले किंवा अजून आलेले नसले की विचारायचे, हळू आवाजात, घाईघाईनं, चोरून विडी ओढावी तसं.

आणि त्याच श्रावणात सुपडूनं भरीत सांगितलं.

सुपडू पारोळ्याजवळच्या एका खेड्यातला. त्याचं केंद्र मात्र फैजपूरच्याही वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीचे मळे संपतात तिथून पुढं. म्हणजे घर एका टोकाला आणि नोकरी दुसऱ्या टोकाला. नवंनवं लग्न, घरी बायकोचे दिवस भरत आलेले. नेमाचा माणूस, बोलणं कमी, आकडे कायम वेळेवर. त्या दिवशीही त्यानं पाण्याची पातळी व्यवस्थित सांगितली, पाऊस सांगितला. नदी बरीच वर होती. साहेब अजून यायचे होते. नानांनी विचारलं, "सुपडू, आज काय भाजी? ओव्हर." तो म्हणाला, "भरीत, नाना. ओव्हर."

आता जे आमच्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. भरीत हे आमचं थंडीतलं खाणं. चातुर्मासात आमच्याकडच्या कित्येक घरांत वांगं वर्ज्य असतं, चंपाषष्ठी झाली की मग वांगं चुलीवर चढतं. सुपडूचं घर तर त्यातलं पक्कं. श्रावणात त्यानं भरीत सांगणं म्हणजे एखाद्यानं एकादशीला मटण सांगण्यासारखं. लहरीवर सगळे खो खो हसायला लागले. एकजण म्हणाला, "काय भो, धरम सोडी दिधा का? ओव्हर." मीसुद्धा हसले. हसता हसता नानांकडे पाहिलं तर ते उभे राहिलेले. टोपी घातली, काठी घेतली. मला म्हणाले, "बाई, तो जागेवर नाही." मी म्हटलं, "अहो, आत्ता तर बोलला." ते म्हणाले, "पट्टी बघायला जागेवर आहे. बाकी नाही." आणि मला काही बोलायची फुरसत न देता ड्रायव्हरला हाक मारत जिना उतरले. जाताना एवढंच सांगून गेले, "साहेबांनी विचारलं तर खरं सांगा. खोटं बोलू नका."

पुढचं मला ड्रायव्हरकडून कळलं. सुपडू खोलीच्या दारात बसलेला होता. स्टोव्ह कोरडा, पिठाचा डबा भरलेला, भांडी धुऊन पालथी घातलेली, आणि ती कधी धुतली होती कोण जाणे. नानांनी काही विचारलं नाही. त्याच्या शेजारी दगडावर बसले. मग त्यानं सांगितलं की बसच्या कंडक्टरकडून घरचा निरोप आला होता. मुलगा झाला आणि गेला. बायको बरी आहे. सवडीनं ये, असा निरोप. नदी चढलेली, दुसरा माणूस नाही, रजा मागायची तर कुणाला आणि कुठल्या तोंडानं, म्हणून तो बसून राहिला होता. जेवला नव्हता. रात्री दोन-तीनदा पट्टीपर्यंत जाऊन नुसता उभा राहिला होता, हेही त्यानं सांगितलं. कशाला, ते नाही सांगितलं. नानांनी विचारलं नाही, ड्रायव्हरनंही मला सांगताना तिथं मान खाली घातली. शेवटी नानांनी भरिताचं तेवढं विचारलं, तर म्हणाला, "माले याद नही नाना, मी काय बोलनू." मग थोड्या वेळानं म्हणाला की बायकोला भरिताचे डोहाळे लागले होते, चंपाषष्ठीला स्वतः भाजून घालीन असं तो तिला सांगून आला होता. तेच तोंडात होतं, तेच निघालं.

नानांनी त्याला जीपमध्ये बसवलं आणि घरी पाठवलं. स्वतः तिथंच राहिले. संध्याकाळच्या आकड्यांना सुपडूच्या केंद्रावरून नानांचा आवाज आला, तेव्हा साहेब माझ्या मागेच उभे होते. मी सगळं खरं सांगितलं होतं. साहेब लाल झाले होते. कक्षाचा पर्यवेक्षक भर पुरात कक्ष सोडून मोजपट्टीवर जाऊन बसतो, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं. मलासुद्धा अर्धं पटत होतं, अर्धं नाही. नानांची निवृत्ती जवळ आलेली, घरी लग्नाच्या दोन मुली. निलंबन झालं असतं तर उरलेल्या नोकरीवर पाणी पडलं असतं. हे त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच?

तरी मी बटण दाबलं. का दाबलं, विचारू नका. साहेबांच्या देखत विचारलं, "नाना, आज काय भाजी? ओव्हर."

मग नाना म्हणाले, "केळी. ओव्हर." दुसऱ्या सकाळी विचारलं, तर केळी. संध्याकाळी, केळी. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं जगाला भाजी विचारणाऱ्या या माणसाला स्वयंपाकातलं ओ की ठो येत नव्हतं. पीठ होतं, डाळ होती, मिरच्या होत्या, आणि नाना खालच्या मळ्यातून मिळालेली केळी खाऊन नदीकडे बघत बसले होते. मी शिकवायला तोंड उघडणार तोच खालच्या केंद्रावरचा एकजण म्हणाला, "नाना, स्टोव्हला पंप जास्त मारू नका, भडका होतो. ओव्हर." दुसरा म्हणाला, "खिचडीच लावा, नाना. डाळ आधी भिजू द्या. ओव्हर." तिसरा म्हणाला, "मोहरी तडतडली की मग हिंग, बाईंनी सांगितलंय. ओव्हर." सगळी नदी मिळून त्यांना जेवायला घालत होती. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि साहेब बाहेर निघून गेले.

साहेब त्यांना रंगेहाथ पकडायला स्वतः तिथं गेले. तिथं काय झालं हे मला आजही पुरतं माहीत नाही, आणि माझ्यासारखीला ते किती छळत असेल ते तुम्हीच समजा. ड्रायव्हर सांगतो की साहेब पोचले तेव्हा नाना गुडघाभर चिखलातून पट्टी बघून येत होते. त्यांनी साहेबांना बाजेवर बसवलं, करपलेल्या खिचडीचं ताट पुढं केलं, आणि साहेबांनी ती सगळी खाल्ली. परत आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "संदेश पूर्ण झाल्याशिवाय भाजी विचारायची नाही." नोटीस निघाली नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत बऱ्याच केंद्रांवर दुसरा माणूस आला. तो साहेबांनीच भांडून आणला, हेही सांगायला हवं.

त्या वर्षी सुपडूच्या घरी कानबाई बसली नाही. सुतक होतं. कानबाई म्हणजे आमच्या खान्देशातला श्रावणातला मोठा सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसवतात, सोमवारी नदीवर नेतात, आणि कुठं कुठं पांगलेले भाऊबंद त्यासाठी घरी येतात. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन गव्हाच्या मुठी काढतात आणि त्या पिठाचे रोट करतात. हे रोट घरच्यांनीच खायचे. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, रोट त्याला द्यायचे नाहीत. पुढच्या वर्षी नानांनी नवीन रीत पाडली. ज्यांच्याकडे कानबाई असते त्यांना त्या रविवारी घरी सोडायचं आणि त्यांच्या केंद्रांवर कार्यालयातल्यांनी जाऊन बसायचं. स्वतः ते सुपडूच्या केंद्रावर गेले. आता त्यांना खिचडी येत होती.

सुपडू परतल्यावर एक दिवस धुळ्याला आला. फडक्यात बांधलेलं काहीतरी नानांच्या टेबलावर ठेवलं. "कानबाईना रोट शेतस, नाना." नानांनी हात मागे घेतला. नानांचं कूळ वेगळं, जात वेगळी, आणि रीत त्यांना चांगली माहीत होती. "अरे, हे मला चालत नाहीत," ते म्हणाले. सुपडू खाली बघत म्हणाला, "मायनी तुमना नावनी मूठ काढी." रोट कडक असतात, नानांचे दात तेव्हाच गेलेले. तरी चहात बुडवून एकट्यानं सगळे खाल्ले. मी बाजूलाच बसले होते. मला तुकडासुद्धा दिला नाही, म्हणाले, "बाई, तुम्ही घरच्या नाही." त्यानंतर दर श्रावणात ते फडकं येत राहिलं, निवृत्तीनंतर देवपुरातल्या घरी.

नाना गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बायकोला, काकूंना, भेटायला गेले. खोड जात नाही, मी तिथंही विचारलं. म्हटलं, "काकू, नाना घरी रोज विचारायचे का हो, आज काय भाजी म्हणून?" काकू म्हणाल्या, "छे गं. उभ्या जन्मात नाही. ताटात पडेल ते खायचे. मीठ नसलं तरी सांगायचे नाहीत." मग म्हणाल्या, "लग्नानंतर पहिली काही वर्षं ते असेच डोंगराकडं एकटे होते... तेव्हाचं कधी बोलले नाहीत." काकूंनी पदर डोळ्याला लावला, आणि त्याच्यापुढं विचारायला माझी जीभ उचलेना.

नाना गेले मंगळवारी. त्याच आठवड्यात कानबाईचा रविवार आला. आमच्या घरी कानबाई नसते, म्हणून त्या दिवशी कक्षात बसायला मी कायम तयार असते. सगळ्यांच्या रजा ठरल्याप्रमाणे मंजूर झाल्या होत्या, बदली माणसं आदल्या दिवशीच निघाली होती. मी आकडे घेत घेत सुपडूच्या केंद्राशी आले आणि पलीकडून सुपडूचाच आवाज आला. पाण्याची पातळी, पाऊस, ओव्हर.

"सुपडू? तू अजून तिथं कसा? ओव्हर."

"मी आठेच शे, बाई. रजा लिधी नही. बदलीवाल्याले परत धाडी दिधा. ओव्हर."

"अरे, आज कानबाई ना तुमच्याकडे? ओव्हर."

खरखर. मग तो म्हणाला, "माय बोलनी, औंदा कानबाई बसाडानी नही. घरमा सुतक शे. ओव्हर."

मला काहीच माहीत नव्हतं. घरी कुणाला काय झालं, म्हातारी तर बरी आहे ना, म्हणून मी घाबरून विचारलं, "कुणाचं सुतक? ओव्हर."

"नानास्नं, बाई. ओव्हर."

मी माईक धरून बसले. हा माईक नानांच्याच वेळचा, त्याच्या बटणावर त्यांच्या अंगठ्यानं खळगा पडलाय, माझा अंगठा त्यात नीट बसतही नाही. मला पुढचं केंद्र घ्यायचं होतं. पण संदेश पूर्ण झाला होता आणि एक प्रश्न राहिला होता. मी विचारला.

"बिनफोडणीनं वरन, बाई," सुपडू म्हणाला. "ओव्हर."

त्या दुपारी घरी येऊन मी वरण केलं. पानं वाढली. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "फोडणी विसरलीस का?"

"नाही. सुतक आहे," मी म्हटलं.

"कुणाचं?"

"नानांचं."

त्यांनी थोडं मीठ मागून घेतलं आणि पुढं काही न विचारता जेवल्या.